घर बांधायला कॉन्ट्रॅक्टर नेमण्याआधी: त्याच्या पैशांच्या व्यवहाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा-कराड पट्ट्यात बिलिंगची कामं करतो. कॉन्ट्रॅक्टरने किती काम केलं ते टेप लावून मोजायचं, मेजरमेंट बुकात लिहायचं आणि त्याचं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेलं बिल, तपासायचं. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा काम अडकल्यावर. तेव्हा जे प्रश्न विचारतात, ते काम देण्याआधी विचारायला हवे होते. ते इथे एकत्र केलेत.

त्याची जुनी कामं बघितली, सगळी झकास आहेत. मग त्याच्या पैशांत नाक कशाला खुपसायचं?

गवंडी वाईट निघाला म्हणून काम बंद पडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. काम बंद पडतं ते पैसा संपला म्हणून, आणि तो बहुतेक वेळा तुमचाच पैसा दुसऱ्याच्या साइटवर खर्च झालेला असतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. तुमच्या ॲडव्हान्समधून आधीच्या साइटची सळई फिटते, आणि तुमची सळई यायची तर आणखी कुणीतरी नवा ॲडव्हान्स द्यावा लागतो. नवी कामं मिळत राहिली तर हे बेमालूम चालतं. एक काम कमी मिळालं की साखळी तुटते, आणि त्या क्षणी जो मालक शेवटचा असतो तो बुडतो.

माझ्या मेहुण्याच्या घराचं हेच झालं. कॉन्ट्रॅक्टर कामात एकदम पक्का. त्याने टाकलेल्या स्लॅबमधून आजवर पाण्याचा थेंब गळलेला नाही. पण दुसरा स्लॅब झाल्यावर सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रीटला खालून टेकू आणि साचा लावणारा, आला, स्वतःच्या प्लेटा-बल्ल्या टेंपोत भरल्या आणि म्हणाला, "माझे तीन साइटचे पैसे बाकी आहेत, आता तुमच्या जिन्याला सेंट्रिंग लागणार नाही." जिना सात महिने तसाच होता. वरच्या मजल्यावर जायला शिडी. मी स्वतः या धंद्यातला, तरी मीही फक्त त्याचं प्लास्टर बघून मेहुण्याला "घे की" म्हणालो होतो.

मग सुरुवात कुठून करायची?

एका साध्या प्रश्नापासून: "सध्या तुमच्या किती साइट चालू आहेत, आणि कुठली कुठवर आलीय?"

उत्तर ऐकून घ्या आणि नंतर त्या सगळ्या साइटवर स्वतः जाऊन या. तो दाखवायला नेईल त्या नाही, त्याने मोजलेल्या सगळ्या. पाचपैकी दोन ठिकाणी माणूसच नसेल, कॉलमच्या वर आलेल्या सळ्या गंजून लाल झाल्या असतील आणि विटांच्या थप्पीवर गवत उगवलं असेल, तर तिथल्या मालकाला गाठा. कधी मालकाचेच पैसे संपलेले असतात, कर्ज अडकलेलं असतं, भावकीचा वाद असतो. कॉन्ट्रॅक्टरवर लगेच शिक्का मारू नका. पण मालक म्हणाला की "मी पैसे दिलेत, तोच येत नाही", तर पुढचे प्रश्न वाचायची गरज नाही.

बाजारात त्याची पत कशी विचारायची? दुकानदार सांगतात का?

सरळ विचारलं तर सांगत नाहीत. कॉन्ट्रॅक्टर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक, तुम्ही एकदाच येणार.

त्यामुळे विचारायची पद्धत वेगळी. तो सिमेंट-स्टील कुठून उचलतो ते त्याच्याकडूनच काढून घ्या, आणि त्या दुकानात जाऊन म्हणा, "आमचं काम ह्यांच्याकडे देतोय. माल तुमच्याकडूनच येईल ना? त्यांच्या खात्यावर टाकाल की आम्ही रोख द्यायचे?" आता दुकानदाराला स्वतःच्या पैशाचा विचार करून बोलावं लागतं. "टाकू की खात्यावर, काय अडचण नाही," असं पटकन आलं तर पत आहे. "नको, तुम्हीच परस्पर द्या, बिल तुमच्या नावाने करतो," असं आलं तर त्या खात्यावर काय चाललंय ते समजून घ्या. आणि खतावणी न उघडता, चष्मा कपाळावर सरकवून, "त्यांचं काय... चालू आहे," असं लांबट उत्तर आलं, तर ते सगळ्यात वाईट.

उधारी असणं गुन्हा नाही. बांधकामाचा सगळा धंदाच महिना-दीड महिन्याच्या उधारीवर चालतो. बघायचं ते हे, की उधारी फिरते की साचते. वर्षानुवर्षं एकाच दुकानातून माल घेणारा कॉन्ट्रॅक्टर उधारी फिरवणारा असतो, नाहीतर दुकानदाराने कधीच हाकलला असता. दर वर्षी दुकान बदलणाऱ्याने मागच्या दुकानांत काहीतरी ठेवून दिलेलं असतं. वीटभट्टी, खडी-क्रश सँडचा डंपरवाला आणि मिक्सर भाड्याने देणारा यांनाही विचारा. ते दुकानदारापेक्षा मोकळं बोलतात.

मजुरांकडून काय कळतं?

माझ्या मते सगळ्यात जास्त, आणि फुकट. आमच्याकडे आठवड्याची खर्ची बाजाराच्या दिवशी वाटतात. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या एखाद्या चालू साइटवर सहज जाऊन उभे राहा. मुकादम वही घेऊन बसलेला असतो, बायका पिशव्या घेऊन थांबलेल्या असतात, कारण खर्ची हातात आल्याशिवाय बाजार होत नाही. सहाला पैसे वाटून माणसं पांगली तर उत्तम. साडेआठ वाजले तरी सगळे वाळूच्या ढिगावर बसून आहेत आणि मुकादम फोन लावतोय, "साहेब, निघालात का?" हे चित्र एकदा दिसलं तर योगायोग म्हणा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

मुकादमाशी चहा घेता घेता विचारा, "खर्ची पूर्ण मिळते का?" तो "मिळते की" म्हणेल. मग विचारा, "आणि हिशोब?" खर्ची म्हणजे आठवड्याच्या पोटापुरतं. कामाचा खरा हिशोब टप्पा संपल्यावर होतो, आणि पैसे तिथे अडकतात. "मागच्या दोन साइटचा हिशोब बाकी आहे" हे वाक्य मी जेवढ्या वेळा ऐकलंय, तेवढ्या वेळा पुढे काम रखडलंय.

एक गोष्ट कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूनेही सांगायला हवी. लेबरच्या टोळ्यांना आधी उचल द्यावी लागते आणि उचल घेऊन टोळी पळते, असंही होतं. सणाला गावी गेलेली माणसं परतत नाहीत. तेव्हा काम थांबण्याचं प्रत्येक कारण पैशाची लबाडीच असतं असं नाही.

त्याच्या जीएसटी नंबरवरून काही समजतं का?

बरंच. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. पंधरा अक्षरी नंबर टाकायचा. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. नंबरातलं सहावं अक्षर बघा: 'पी' असेल तर एकट्या माणसाचा धंदा, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म किंवा एलएलपी, 'सी' म्हणजे कंपनी. व्हिजिटिंग कार्डावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलंय आणि नंबरात 'पी' दिसतोय, तर आधी ह्या कोड्याचं उत्तर मागा.

मग नोंदणीची तारीख बघा. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी मागच्या वर्षीची असेल तर जुन्या नावाचं काय झालं ते विचारा. खाली रिटर्न कधी भरले याचा तक्ता असतो, तोच खरा आरसा. दर महिन्याला किंवा तिमाहीला वेळेवर भरलेलं दिसलं तर माणसाकडे हिशोब लिहिणारं कुणीतरी आहे आणि कराचे पैसे तो बाजूला ठेवतो. मध्येच पाच महिने कोरे आणि मग एका दिवशी पाचही भरलेले दिसले, तर त्या पाच महिन्यांत कराचे पैसे कुठेतरी वापरले गेले असण्याची शक्यता मोठी. स्थिती 'रद्द' किंवा 'निलंबित' असेल आणि तरी तो बिलावर जीएसटी लावत असेल, तर तो पैसा सरकारकडे जाणार नाही.

त्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही. चालेल?

छोटा ठेकेदार असेल तर चालेल. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. माल तुमचा, फक्त मजुरी त्याची, आणि एकटं स्वतंत्र घर असेल तर अशा निव्वळ लेबरच्या कामाला जीएसटी माफ आहे. मटेरियलसह काम घेतलं तर नोंदणी असलेला कॉन्ट्रॅक्टर १८ टक्के लावतो.

पण जो सांगतो की माझ्या पंचवीस-पंचवीस लाखांच्या चार साइट चालू आहेत आणि नंबर नाही, त्याचं यातलं एक काहीतरी खोटं आहे.

ताळेबंद, इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट मागावं का?

मागा, पण त्यातून काय मिळेल याचा भ्रम नको. लहान कॉन्ट्रॅक्टरपैकी बरेच जण ठोकळ पद्धतीने रिटर्न भरतात: उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, एवढा नफा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. कायद्यानेच ती सोय दिलीय, हिशोबाची वही ठेवावी लागत नाही. त्यामुळे रिटर्नवरून उलाढाल कळते. देणी किती, येणी किती, हे कळत नाही. तीन वर्षांचे रिटर्न मात्र बघा. उलाढाल २०, २२, २५ लाख अशी चाललेली असेल आणि तुमचं एकट्याचं काम ६० लाखांचं असेल, तर त्याने एवढं ओझं कधी उचललेलं नाही.

बँक स्टेटमेंट लहान कॉन्ट्रॅक्टर देत नाहीत आणि मी आग्रह धरत नाही. दिलंच तर एकच बघा: मोठी रक्कम जमा झाल्यावर खात्यात किती दिवस टिकते. सकाळी चार लाख आले आणि संध्याकाळी बाराशे उरले, असं दर वेळी होत असेल तर ते चार लाख यायच्या आधीच खर्च झालेले होते.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर काम सोपं. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीवर कुणाकुणाचा बोजा नोंदलाय ते दिसतं, आणि थोडी फी भरून दाखल केलेले ताळेबंद बघता येतात. तुमच्या सीएला दाखवा, त्याला अर्धा तास लागेल.

तो सरकारी कामं घेणारा मोठा कॉन्ट्रॅक्टर आहे. मग तर निर्धास्त राहावं ना?

उलट इथे जास्त विचारा. सरकारी कामात नाव असतं, मशीनरी असते, पण बिलं कधी निघतील ते त्याच्याही हातात नसतं. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, हे सगळ्यांनी वाचलंय. ज्याचे ऐंशी लाख एखाद्या योजनेत अडकलेत, त्याच्यासाठी तुमच्या घराचा ॲडव्हान्स म्हणजे आयता ऑक्सिजन. माणूस लबाड नसतो, गळ्यापर्यंत आलेला असतो. तुमच्या घराला त्याने फरक पडत नाही.

विचारा: "सरकारी बिलं किती थकलीत, आणि ती नाही आली तर आमचं काम कशावर चालवणार?" बँकेत कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) आहे, दुसरं काम पैसे देतंय, असं ठोस उत्तर हवं.

कोर्टात केस आहे का हे कसं बघायचं?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. त्याचं स्वतःचं आणि फर्मचं, दोन्ही नावं टाका. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. चेक न वटल्याच्या केसेस 'एससीसी' या नोंदीखाली, कलम १३८ च्या दिसतात. तो आरोपी आहे की फिर्यादी, ते नीट वाचा. मालकाने पैसे बुडवले म्हणून त्यानेच केस टाकलेली असू शकते. नावाचा दुसरा माणूसही असू शकतो, तेव्हा खात्री केल्याशिवाय बोलू नका. एक केस धंद्यात कुणावरही होते. सिमेंटवाला, स्टीलवाला आणि टाइल्सवाला असे तिघं फिर्यादी दिसले तर मात्र नमस्कार करा.

महारेरावर कॉन्ट्रॅक्टर तपासता येतो का?

नाही. महारेरा फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. तुमच्या प्लॉटवर तुमच्यासाठी घर बांधणारा त्यात येत नाही, त्यामुळे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधनही त्याच्यावर नाही.

एकाचा चौरस फुटाचा रेट बाकीच्यांपेक्षा तीनशे रुपयांनी कमी आहे. घेऊ का?

आधी ढोबळ हिशोब मांडा. साध्या दुमजली घराला चौरस फुटाला साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. म्हणजे १,२०० चौरस फुटांना ४८० च्या आसपास गोण्या आणि सव्वाचार ते पावणेपाच टन स्टील. तुमच्या गावचे आजचे भाव लावा. वीट, क्रश सँड, मजुरी, टाइल्स, फिटिंग मिळवा. बेरीज त्याच्या रेटच्या वर गेली तर तो तोट्यात काम घेतोय. तोट्यात काम कोण घेतं? ज्याला नफ्यापेक्षा आजचा ॲडव्हान्स महत्त्वाचा आहे.

एक पोटप्रश्न: कोटेशन कधीचं आहे ते बघा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या भावाने मांडलेलं कोटेशन अजून फिरवत असेल तर ते विचारण्यासारखं आहे.

ॲडव्हान्स किती द्यावा, हप्ते कसे लावावेत?

सगळी मेख इथे आहे. कॉन्ट्रॅक्टर जो छापील तक्ता देतो तो साधारण असा: करारावेळी १० टक्के, प्लिंथला (जोत्यापर्यंत काम आल्यावर) २०, पहिल्या स्लॅबला २५, दुसऱ्या स्लॅबला २५, वीटकाम १०, प्लास्टर ५, चावी देताना ५.

आता १,२०० फूट, २,००० रुपये रेट, २४ लाखांचं काम धरा. दुसरा स्लॅब पडला की तुम्ही ८० टक्के, म्हणजे १९ लाख २० हजार दिलेले असतात. जमिनीवर उभं काम असतं सुमारे निम्मं, १२ लाखांचं. वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, लाइट फिटिंग, फरशी, दारं-खिडक्या, रंग सगळं बाकी. सव्वासात लाखांच्या आसपास तुमची रक्कम त्याच्याकडे बिनव्याजी पडून आहे. खरं तर पडूनही नाही, दुसऱ्या साइटच्या फूटिंगमध्ये गेलीय. आणि उरलेल्या ४ लाख ८० हजारांत १२ लाखांचं काम करायला तो का येईल?

मी असं सुचवतो: ॲडव्हान्स ५, प्लिंथ १५, पहिला स्लॅब १५, दुसरा स्लॅब १५, वीटकाम १२, प्लास्टर १३, फरशी-प्लंबिंग-लाइट १२, दारं-रंग ८, आणि शेवटचे ५ एक पावसाळा गेल्यावर. यात तुम्ही कामाच्या मागे असता, पुढे नाही. हा तक्ता त्याच्यासमोर ठेवा आणि तोंड बघा. थोडी घासाघीस करणारा ठीक. "निम्मे आधी दिल्याशिवाय साइटवर पावडा लागणार नाही" म्हणणाऱ्याकडे स्वतःचं भांडवल नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं.

सिमेंट-स्टील मी आणून दिलं तर धोका टळतो ना?

बराचसा. पण मग मोजायला तुम्हाला उभं राहावं लागतं. गोण्या किती आल्या, किती लागल्या, रिकाम्या किती. नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही. मधला मार्ग म्हणजे सिमेंट-स्टीलचे पैसे तुम्ही दुकानदाराला परस्पर बँकेतून द्यायचे आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून वजा करायचे. करारात तसं लिहून घ्या.

रोख दिले तर रेट कमी करतो म्हणतो.

एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा. म्हणजे तो स्वतःवर एवढी जोखीम घेऊन रोख मागतोय. का, ते विचारा. रोखीला पावती नसते, भांडण झालं की तुमच्याकडे पुरावा नसतो, आणि उद्या घर विकताना खर्च दाखवता येत नाही.

वर्षात एकाच कॉन्ट्रॅक्टरला ५० लाखांच्या वर देणार असाल तर साध्या घरमालकालाही टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, पॅनवर भागतं.

कॉन्ट्रॅक्टरने उधारी बुडवली आणि दुकानदार माझ्या दारात आला तर?

व्यवहार त्या दोघांचा असेल तर मागणीही त्याने कॉन्ट्रॅक्टरकडेच करायची. पण दोन चुका करू नका. एक, चलनावर स्वतःची सही. माल मोजून घेतला तर 'फक्त माल मिळाला' एवढंच लिहा. दुसरी, दारात "बघतो मी तुमचं" असं म्हणणं. भारतीय करार कायद्यात हमी तोंडीसुद्धा चालते.

मी गृहकर्ज काढतोय. बँक तपासतेच ना सगळं?

बँक तुम्हाला तपासते, त्याला नाही. बँकेचा इंजिनिअर टप्पा बघून जातो, मग हप्ता सुटतो, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढे दिवस खर्ची आणि माल स्वतःच्या खिशातून चालवायची त्याची ताकद आहे का, हे आधी विचारून ठेवा.

एवढं विचारलं तर तो रागावून काम सोडणार नाही का?

काही जण सोडतात. मागच्या वर्षी एका शिक्षकांच्या घरासाठी आम्ही तिघांना बोलावलं. पहिला म्हणाला, "गुरुजी, विश्वास नसेल तर राहू द्या." दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तिसरा, वय झालेला मिस्त्री, पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून बसला. प्रत्येक साइटचं वेगळं पान, डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे गेलेले, खाली पेन्सिलने बाकी. एका पानावर त्याचीच चूक निघाली, सळईची एक गाडी दोनदा मांडलेली. त्याने ती आमच्यासमोर खोडली आणि म्हणाला, "बरं झालं बघितलंत." त्याच आठवड्यात आखणी झाली. आता गिलावा चालू आहे.